नजर गेली म्हणून नोकरी जात नाही

एका जिल्हा कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी होते. २०१८ ते २०२४ या काळात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं काम माझ्याकडे होतं. मागच्या अंकात त्याबद्दल थोडं लिहिलं आणि पत्रं यायला लागली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तर देते.

प्रश्न : ताई, मी वरिष्ठ लिपिक आहे, नोकरीला सतरा वर्षं झाली. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे नजर दरवर्षी कमी होतेय. नस्तीतली टिप्पणी आता वाचता येत नाही. साहेब चांगले आहेत, पण तेच म्हणतात, "स्वेच्छानिवृत्ती घ्या, मुलगा कमावता झालाय, निभेल." घरचेही तेच म्हणतात. काय करू? (एक वाचक, लातूर)

उत्तर : सर्वांत आधी, कुठल्याही कागदावर सही करू नका. साहेबांचा हेतू चांगला असेल, घरच्यांना काळजी असेल. पण स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला की कायद्याने दिलेलं संरक्षण तुम्ही आपल्या हाताने सोडून दिलेलं असतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २०, पोटकलम ४. हे कुठेतरी लिहून ठेवा. नोकरीत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं, त्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही आणि खालच्या पदावरही आणायचं नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं. तेही शक्य नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वर काढलेल्या जादा पदावर ठेवायचं. योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर. १९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ मध्ये असंच होतं. त्याच आधारावर कुणाल सिंग नावाचा एक शिपाई सर्वोच्च न्यायालयात गेला. कर्तव्यावर झालेल्या दुखापतीमुळे त्याचा डावा पाय कापावा लागला होता आणि त्याला अपात्र ठरवून घरी बसवलं होतं. २००३ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. रुग्णता निवृत्तिवेतन, म्हणजे शारीरिक अपात्रतेमुळे नोकरी सुटली की मिळणारं निवृत्तिवेतन, मिळू शकतं एवढ्यावरून हे संरक्षण नाकारता येणार नाही, असंही न्यायालयाने म्हटलं.

आता कामाचं बोलू. माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे तुमच्या बाबतीत ती कुणी करू नये. आमच्याकडे निवृत्तिवेतनाची प्रकरणं बघणारे एक सहकारी होते. नियम त्यांना तोंडपाठ. मधुमेहाने त्यांची नजर गेली, तेव्हा मी त्यांना दूरध्वनीच्या टेबलावर बसवलं. आदेश एका दिवसात काढला आणि आपण किती तत्परतेने सोय केली, असंच मला वाटत होतं. तीन महिन्यांनी ते माझ्या खोलीत आले, खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, "मॅडम, दिवसाला चार फोन येतात. बाकी वेळ मी काय करायचं, ते तेवढं सांगा."

त्यांना काय हवं आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. त्यांना त्यांची प्रकरणं परत हवी होती. आम्ही संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते मोफत मिळतं, मराठीही वाचतं, आणि ते सुरू केलं दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी. एवढ्याने भागेल असं मला वाटलं. पहिलीच फाइल उघडली तर यंत्र काहीतरी भलतंच बडबडायला लागलं. फाइल कृतिदेव फाँटमध्ये होती. तुम्हाआम्हाला पडद्यावर 'कार्यालय' दिसतं, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. एकेक अक्षर वाचायला लावलं की यंत्र म्हणतं : डी, के, सेमिकोलन, के, झेड, वाय, सेमिकोलन. ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आपलं कार्यालय का?" स्कॅन केलेल्या पत्रांचं तर आणखी वाईट. ते पान म्हणजे नुसतं चित्र, त्यामुळे यंत्र गप्पच.

मग शाखेत दोन गोष्टी ठरवल्या. त्यांच्याकडे जाणारी प्रत्येक टिप्पणी युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी अक्षरं म्हणूनच कळतील अशी टंकायची, आणि स्कॅन केलेल्या पत्राखाली चार ओळींचा गोषवारा टाकायचा. कुरकुर झाली, दोन आठवड्यांत थांबली. सेवापुस्तकातल्या हाताने केलेल्या नोंदी एक शिपाई त्यांना रोज तासभर वाचून दाखवायचा. निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी प्रकरणं हाताळली.

म्हणून तुमच्या अर्जात 'मला दिसत नाही' एवढंच लिहून थांबू नका. कोणतं काम, त्यात कुठे अडतं, काय मिळालं तर जमेल, हे ओळीने लिहा. 'टिप्पण्या युनिकोडमध्ये मिळाव्यात. संगणकावर एनव्हीडीए आणि हेडफोन मिळावा. हस्तलिखित नोंदी वाचून दाखवण्यासाठी रोज एक तास मदतनीस मिळावा.' अर्ज आवक शाखेत द्या आणि क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर कलम २३ खाली तुमच्याच कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीची जिल्हास्तरीय समिती आहे. पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथेही दाद मागता येते.

सोय मागितली म्हणजे आपण कार्यालयावर ओझं टाकतो, असं तुमच्या पत्रात दोनदा आलंय. सतरा वर्षांचा अनुभव घरी पाठवणं, हे कार्यालयाचंही नुकसान आहे.

प्रश्न : मी गट विकास अधिकारी आहे. माझ्याकडच्या एका कनिष्ठ सहायकाला कमी ऐकू येतं. त्याने लेखी अर्ज देऊन सोयी मागितल्या आहेत. प्रमाणपत्र पस्तीस टक्क्यांचं आहे, म्हणजे चाळीसच्या आत. मग मी बांधील आहे का? एकाला दिलं की उद्या सगळे मागतील, आणि पैसा कुठून आणायचा? (एक अधिकारी, विदर्भ)

उत्तर : साहेब, हा प्रश्न उघडपणे विचारलात हे बरं झालं. मनातल्या मनात तो पुष्कळ अधिकारी विचारतात आणि अर्ज खणात ठेवून देतात.

चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. चार टक्के जागा ठेवतो ते त्या प्रमाणपत्रावर. कामात सोय मिळण्याचा हक्क त्याहून मोठा आहे. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. नागरी सेवा परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून त्याने अर्ज केला, तो नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वाजवी सोय फक्त चाळीस टक्केवाल्यांपुरती नाही. पस्तीस टक्क्यांच्या कागदावरून तुम्हाला हा अर्ज फेटाळता येणार नाही.

पैशाचं म्हणाल, तर कायद्यानेच मर्यादा घातली आहे : आस्थापनेवर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी बोजा पडता कामा नये. मात्र बोजा पडतो हे नुसतं म्हणून चालणार नाही, त्याच्या अर्जातल्या एकेका मागणीपुढे कारण लिहावं लागेल. तुम्ही त्याच्या मागण्या लिहून पाठवल्यात त्या मी पुन्हा वाचल्या. टेबल दाराकडे तोंड करून हवं. बैठकीची विषयसूची आदल्या दिवशी हवी. दूरध्वनीचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, बदल्यात तो जावक नोंदवही सांभाळेल. यात खर्च कुठे आहे?

टेबलाचं एवढं काय, असं वाटेल. ज्याला कमी ऐकू येतं त्याची पाठ दाराकडे असली की माणूस येऊन उभा राहतो, हाक मारतो, उत्तर मिळत नाही, आणि 'हा उद्धट आहे' असा शेरा पडतो. असे शेरे मी गोपनीय अहवालात वाचले आहेत. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडाला मुखपट्टी आली, तेव्हा आमच्या लेखा शाखेतल्या एका मुलीचं काम एका आठवड्यात कोलमडलं. ती इतकी वर्षं ओठ वाचत होती, हे शाखेत कुणालाही माहीत नव्हतं. टेबलावर एक पाटी आणि खडू ठेवला, तेव्हा ते पुन्हा सुरळीत झालं.

उद्या सगळे मागतील? मागू देत. ज्याला कामात खरंच अडतंय तो सांगेल, बाकीच्यांना टेबल फिरवून काय मिळणार आहे? अर्ज मंजूर करा. तीन महिन्यांनी त्याला बोलावून विचारा, चाललंय का, काही बदलायचंय का.

प्रश्न : मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतेय. सरकारी कार्यालयात समान संधी आणि दिव्यांगांच्या सोयी हेच काम करायचंय. कोणती परीक्षा द्यावी? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : फक्त या कामाची परीक्षा आपल्याकडे नाही, याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यामुळे केंद्र सरकारच्या अनेक कार्यालयांत हे काम बघायला खास नेमलेली माणसं असतात. आपल्याकडे ते बहुधा आस्थापनेतल्या कुणाच्या तरी गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून पडतं. मला तो आदेश मिळाला तेव्हा आदल्या अधिकाऱ्याने इंग्रजी 'अकोमोडेशन' (कायद्यात अर्थ 'सोय', एरवी 'निवास') शब्द वाचून एका बाईचा अर्ज निवासस्थान वाटपाच्या शाखेकडे पाठवून दिला होता. तिला घर नको होतं, उंच खुर्ची हवी होती. अर्ज पाच महिने फिरत होता.

तरी या वाटेने ये. राज्यसेवेतून किंवा समाजकल्याणाच्या पदांवरून आलेल्या माणसाला पुढे हा कार्यभार मागून घेता येतो, आणि मागणारे फार थोडे असतात. भारतीय सांकेतिक भाषा आत्ताच शीक. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे चौकशी कर. कायद्याची कलमं नंतरही पाठ होतील.

प्रश्न : मला बायपोलर आजार आहे. रात्रीच्या गोळ्यांमुळे सकाळी डोळे उघडत नाहीत. तीन लेटमार्कला एक किरकोळ रजा कापली जाते, माझ्या सगळ्या संपल्या. खरं कारण सांगितलं तर ऑफिसभर होईल. (नाव नको, ठाणे)

उत्तर : मानसिक आजार २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत आहे, त्यामुळे मागणं तुमच्या हक्काचं आहे. तुम्ही आळशी नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या पत्रात तो शब्द तुम्ही स्वतःसाठी वापरलाय.

उशिरा येऊन उशिरापर्यंत थांबण्याची परवानगी मागा. उदाहरणार्थ, दीड तास उशिरा येणं आणि संध्याकाळी तेवढाच वेळ जास्त थांबणं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत आजाराचं वर्णन लागत नाही. 'औषधोपचारामुळे सकाळच्या वेळेत सवलत आवश्यक' एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. पहिल्या अर्जाला ते पुरतं. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र मागितलं तर ते त्यांच्याच हाती द्या, शाखेतून फिरवू नका.

अर्ज बंद पाकिटात घाला, वर 'गोपनीय' आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं पदनाम लिहा. आवक नोंदवहीत विषयाच्या रकान्यात 'सेवाविषयक अर्ज' एवढंच लिहायला सांगा, आणि लिपिक ते लिहीत असताना तिथेच उभ्या राहा.