दारातल्या मूसला पोळी घालावी का?

प्रश्न: आम्ही अलास्कात अँकरेजला राहतो. सासूबाई कोल्हापूरहून चार महिन्यांसाठी आल्यात, तिकडे त्या गायीला पोळी घातल्याशिवाय जेवत नाहीत. आमच्या ड्राइव्हवेत मूसची (थंड प्रदेशातलं प्रचंड मोठं हरीण) एक मादी रोज येऊन झाडाच्या फांद्या खाते, एकदम शांत असते. आई म्हणतात, मुका जीव आहे, बर्फात उपाशी असेल, उरलेली पोळी आणि सफरचंदाच्या साली ठेवूया. नवरा नको म्हणतो. आणि ती दारात असली की सात वर्षांच्या मुलाला स्कूल बसपर्यंत कसं सोडायचं?

उत्तर: ताई, आईंना माझा नमस्कार सांगा, आणि पोळी मात्र घालू देऊ नका. अलास्कात मूसला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे आणि त्यामागे कारण आहे. हिवाळ्यात तिचं पोट विलो, बर्चच्या काटक्या पचवायला तयार झालेलं असतं, त्यात पोळीसारखा पिठाचा पदार्थ गेला तर पोट बिघडतं. त्याहून वाईट म्हणजे माणसाकडून खायला मिळतं हे तिला कळलं की ती मागायला जवळ यायला लागते, आणि एखाद्या दिवशी तुमचा मुलगा रिकाम्या हाताने समोर आला की अंगावर जाते. अशी सवय लागलेल्या मूसला शेवटी बऱ्याचदा गोळी घालावी लागते, म्हणजे आईंच्या पोळीनेच तिचा जीव जायचा.

आईंना गाय डोळ्यासमोर येते ना, त्यांना म्हणावं दाजीपूरचा गवा आठवा. दारात गवा उभा असता तर पोळी घेऊन गेला असतात का? ही मादी साडेतीनशे ते सहाशे किलोची, खांद्यालाच माणसाएवढी उंच, आणि ताशी 50 किलोमीटरच्या वर पळते. अलास्कात दरवर्षी अस्वलांपेक्षा मूसमुळे जास्त माणसं जखमी होतात, हे मी लोकांना परत परत सांगते कारण अस्वलाला सगळे घाबरतात आणि मूससमोर फोन काढून उभे राहतात. तुमच्याच अँकरेजला 1995 च्या जानेवारीत युनिव्हर्सिटीच्या आवारात लोकांनी एका मूसला बर्फाचे गोळे मारमारून छळलं होतं, आणि नंतर तिथून जाणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना तिने तुडवून मारलं. त्यांचा काय दोष होता?

शांत दिसते ते सोडा, कान बघा. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले, ती ओठ चाटायला लागली किंवा खाणं थांबवून तुमच्याकडेच बघत राहिली की मागे फिरायचं. अंगावर आलीच तर पळायचं, अस्वलासमोर पळू नका म्हणतात ते इथे लागू नाही, जाड झाड किंवा गाडी मध्ये घालायची. पडलात तर डोकं हातांनी झाकून अंग चोरून पडून राहायचं आणि ती दूर जाईपर्यंत हलायचं नाही, लगेच उठलात की परत येते. कुत्रा असेल तर सोबत नकोच, कुत्रा तिला लांडगाच वाटतो.

आता बसचं. खोल बर्फातून चालायला ताकद लागते म्हणून ती साफ केलेली वाट सोडायला तयार नसते, तेव्हा वाट तिची समजा. दार उघडायच्या आधी खिडकीतून दोन्ही बाजू बघा, असेल तर थांबा, गॅरेज घराला जोडलेलं असेल तर मुलाला आतूनच गाडीत बसवून सोडा. बस चुकली तर चुकू दे, शाळेला एक फोन करा. हाकलायला, हॉर्न वाजवायला जाऊ नका. कोथरूडला 2020 च्या डिसेंबरात गवा शिरला तेव्हा गर्दी मागे लागली आणि बिचारा जिवाला मुकला, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आई मे महिन्यात तिथे असतील तर आणखी जपा, तेव्हा पिल्लं होतात. 2024 च्या मे मध्ये अलास्कातल्याच होमरला एक माणूस मूसच्या नवजात पिल्लांचे फोटो काढायला गेला आणि त्यांच्या आईने त्याला ठार मारलं. पिल्लू एकटं दिसलं तरी त्याची आई जवळपास असतेच. सासूबाईंना खिडकीत खुर्ची टाकून द्या, चहा घेत तिथूनच बघू दे.