पात्रता समितीवर निघालेल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पक्षाच्या राज्य अधिवेशनाच्या क्रेडेन्शियल्स कमिटीवर, म्हणजे पात्रता समितीवर, तुझी निवड झाली, हे वाचून फार आनंद झाला. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सभागृहात कोण बसणार हे तीच समिती ठरवते. तू लिहितेस की एकाच काउंटीतून (जिल्ह्यातून) डेलिगेटांच्या, म्हणजे अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या, दोन याद्या आल्या आहेत, दोन्ही गट स्वतःला खरे म्हणवतात आणि आपल्या उमेदवाराची बाजू कागदावर लंगडी आहे. मग काय करायचं, हा तुझा प्रश्न.

मी शिकागोत राहतो आणि या शहराने असा वाद दोनदा पाहिला आहे. तोच पक्ष, तोच पेच, मध्ये चाळीस वर्षं.

पहिला 1912 चा, रिपब्लिकन पक्षातला. एकीकडे विद्यमान राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट, दुसरीकडे त्यांना त्या खुर्चीवर आणून बसवणारे थिओडोर रूझवेल्ट. प्रायमरी, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठी सामान्य मतदारांनी मत देणं, ही पद्धत तेव्हा नवीच होती, मोजक्याच राज्यांत मतदान झालं. त्यातली नऊ राज्यं रूझवेल्टनी जिंकली, टाफ्टचं घरचं ओहायोसुद्धा. पण बाकीचे बहुतेक डेलिगेट पक्षाच्या यंत्रणेतून यायचे. दक्षिणेत पक्षाला मतं जवळजवळ मिळत नसत, डेलिगेट मात्र ढीगभर. त्यांतले कित्येक पोस्टमास्तर किंवा सरकारी नोकर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतले. डेलिगेटांच्या 254 जागा वादात गेल्या. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने 235 टाफ्टच्या पदरात टाकल्या, 19 रूझवेल्टच्या.

संतापलेले रूझवेल्टवाले अधिवेशनाच्या कोलिझियम सभागृहात सँडपेपरचे तुकडे एकमेकांवर घासत होते, तोंडाने भोंगे वाजवत होते. आपल्यावरून रोडरोलर फिरवला जातोय, हे त्यांना दाखवायचं होतं. पण तुला खरं बघायचंय ते त्या गोंगाटाच्या खाली काय चाललं होतं ते. मिसूरीचे गव्हर्नर हॅडली म्हणत होते की वादातल्या डेलिगेटांना या वादांवर मत देऊ देऊ नका. अध्यक्षस्थानी होते एलिहू रूट, थोड्याच मतांच्या फरकाने निवडून आलेले. त्यांनी निर्णय दिला: स्वतःच्या जागेवर मत देता येणार नाही, दुसऱ्याच्या जागेवर देता येईल. झालं. अलाबामाचा टेक्सासवाल्याला तारणार, टेक्सासचा अलाबामावाल्याला.

तू लगेच म्हणशील, सरळ अन्याय आहे. मीही कित्येक वर्षं तसंच म्हणायचो. पण रूट यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घे. नुसती हरकत घेतली की समोरच्याचं मत गोठत असेल, तर उद्या कोणीही उठून शंभर जणांवर हरकत घेईल आणि अल्पमतातला गट सभा ताब्यात घेईल. ही भीती हवेतली नव्हती, कारण रूझवेल्टच्या माणसांनी सुरुवातीच्या बऱ्याच हरकती नुसता दबाव आणायला घेतल्या होत्या. शिवाय दक्षिणेतल्या ज्या यंत्रणेला ते आता चोर म्हणत होते, तिच्याच जोरावर 1908 मध्ये त्यांनी टाफ्टना उमेदवारी मिळवून दिली होती. तेव्हा त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. रूझवेल्टनी वेगळी चूल मांडली. नोव्हेंबरात रूझवेल्ट आणि टाफ्ट दोघांची मतं मिळून निम्म्याहून जास्त भरली, तरी निवडून आले विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन, 41.8 टक्क्यांवर. विद्यमान राष्ट्राध्यक्षांच्या हाती फक्त यूटा आणि व्हरमाँट लागलं.

आता 1952. शहर तेच, पक्ष तोच आणि उमेदवार रॉबर्ट टाफ्ट, त्या टाफ्टचे चिरंजीव. समोर जनरल आयझेनहॉवर. टेक्सासमध्ये लोकांच्या घराघरांत वॉर्डपातळीच्या बैठका झाल्या, तिथे आयझेनहॉवरला मानणारी नवी माणसं लोटली. जुन्या टाफ्टवाल्यांनी ओरड केली की हे डेमोक्रॅट आहेत, एका दिवसाचे रिपब्लिकन. हरले तिथे उठून त्यांनी आपली वेगळी बैठक भरवली. मिनरल वेल्सच्या राज्य अधिवेशनात पक्षयंत्रणेने टाफ्टवाल्यांना झुकतं माप दिलं. टेक्सासचे 38, जॉर्जियाचे 17, लुइझियानाचे 13, अशा 68 जागा शिकागोत वादात आल्या.

या वेळी वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नर लँगली यांनी जो ठराव मांडला, तो तू वहीत उतरवून घे. राष्ट्रीय समितीच्या दोन तृतीयांश मतांनी मान्य न झालेल्या वादग्रस्त डेलिगेटांना त्यांच्या जागेचा निकाल लागेपर्यंत कुठल्याच वादावर मत नाही. या दोन तृतीयांशात रूट यांच्या भीतीलाही उत्तर आहे, कारण फुसकी हरकत तिथेच गळून पडते. टाफ्ट गटाने त्यात दुरुस्ती सुचवली, ती 658 विरुद्ध 548 मतांनी पडली. मग जॉर्जियाच्या जागाही आयझेनहॉवरच्या यादीला गेल्या आणि टेक्साससाठी मतमोजणीची वेळच आली नाही. वडील ज्या नियमावर तरले, तो बदलल्यावर मुलगा हरला.

तुला हे इतकं खोलात सांगण्याचं कारण आहे. आमच्या इथल्या एका मंडळाच्या निवडणुकीत मी निवडणूक अधिकारी होतो. काही सभासदांची वर्गणी मुदतीनंतर आली होती, त्यांच्या नावांपुढे मी रजिस्टरमध्ये पेन्सिलने फुल्या मारल्या होत्या. त्यांना मतदान करू द्यायचं का, हे सभेनेच ठरवावं असं मी म्हटलं आणि हात वर करायला सांगितलं. फुल्या असलेले लोकही हात वर करून उभे होते. मला ते दिसत होतं, मी मोजत राहिलो. माझ्या ओळखीचीच माणसं निवडून आली. दुसऱ्या बाजूची तीन कुटुंबं त्या दिवसापासून गणपतीलाही आली नाहीत. त्यांतल्या एका आजींचा चेहरा अजून आठवतो. त्या भांडल्या नाहीत, फक्त चपला घालून निघून गेल्या.

म्हणून सांगतो, तुमच्या समितीची पहिली बैठक सुरू झाली की कुठलीही यादी उघडण्याआधी बोल. वादात असलेल्यांनी मत द्यायचं की नाही, कोणता कागद ग्राह्य, सहीची तारीख कोणती धरायची, हे आधी ठरवून लिहून घ्या. यादी उघडल्यावर प्रत्येकाला नियमात आपला उमेदवार दिसायला लागतो. तुलाही दिसेल. आपली यादी खोटी निघाली तर तिच्या विरोधात हात वर कर. तुझ्या गटातले लोक तुला गद्दार म्हणतील आणि ते सोसणं अवघड जाईल. त्या रात्री मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

आणि समोरच्या गटातल्या माणसांशी चहा पिणं सोडू नकोस. 1952 मध्ये उमेदवारी मिळाल्याबरोबर आयझेनहॉवर आपल्या ब्लॅकस्टोन हॉटेलातून निघाले आणि गर्दीतून रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात टाफ्टना भेटायला गेले. थोरल्या टाफ्टना मात्र सहा वर्षं लागली. मे 1918 मध्ये त्याच ब्लॅकस्टोनच्या जेवणघरात रूझवेल्ट एका टेबलाशी एकटे जेवत होते. टाफ्ट सरळ त्यांच्याकडे चालत गेले, रूझवेल्ट उठले, दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या आणि जेवणारे सगळे टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या जानेवारीत रूझवेल्ट गेले.

दोन्ही याद्यांच्या प्रती मला पाठव, सह्यांच्या पानांसकट. मी रविवारी नीट वाचून कळवतो.

तुझा,
काका