३८ किलोचा कुत्रा फिरायला नेताना जीव खाऊन ओढतो, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांचा नर, ३८ किलो, घरात शहाणा, पण दाराबाहेर पाऊल पडलं की गाडीला जुंपल्यासारखा ओढतो. चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) लावून पाहिली, चार दिवस फरक पडला, मग पुन्हा तेच. आईला तर त्याला नेताच येत नाही. आता कुणीतरी काटेरी कॉलर सुचवलाय, तो घ्यावा का?

घेऊ नका. कारण सांगते, पण आधी माझा हात कसा मोडला ते सांगते.

ढब्बू माझा रॉटवायलर. ऐन भरात ४४ किलो, आणि माझं वजन ५२. हातातून सुटू नये म्हणून मी लीशची मूठ मनगटात घालून वर दोन वेढे घ्यायची. एका सकाळी समोरून मांजर गेलं. ढब्बू गेला मांजरामागे आणि मी गेले ढब्बूमागे, पोटावर. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. म्हणून पहिलं सांगणं हेच की लीश मनगटाला कधीही गुंडाळायची नाही. तिचा फास अंगठ्यात अडकवा, उरलेली लीश घडी घालून मुठीत धरा, दुसरा हात थोडा पुढे लीशवर ठेवा आणि दोन्ही हात पोटाशी घ्या. झटका आला तर तो खांद्याऐवजी कमरेवर येतो, आणि अगदीच वेळ आली तर मूठ उघडता येते.

त्याआधी जवळजवळ वर्षभर मी एका ट्रेनरच्या सांगण्यावरून हिसके देत होते. कुत्र्यानं ओढलं की खसकन मागे खेचायचं, एवढीच ती विद्या. पहिला आठवडा छान गेला, तुमच्या चेनसारखाच. मग ढब्बू मान ताठ करायला शिकला. रॉटवायलरची मान विरुद्ध माझा दंड, यात कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आता तो का ओढतो ते बघू. तुमच्यावर सत्ता गाजवायची म्हणून ओढतो वगैरे जे ऐकवलं जातं ते डोक्यातून काढून टाका. माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. मोठ्या कुत्र्याची सहज दुडकी चाल त्याहून बरीच वेगाची असते. म्हणजे तुम्ही त्याला पहिल्यापासूनच रेंगाळल्यासारखे वाटता. त्यात पुढे झाडाचा बुंधा आहे, बुंध्यावर कालच्या दहा कुत्र्यांच्या बातम्या आहेत. तो ओढतो, तुम्ही मागून फरफटत जाता, आणि बुंधा येतो. ओढण्याचं बक्षीस मिळालं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून हेच मांडलं होतं: ज्या कृतीनं हवं ते मिळतं, ती कृती प्राणी पुन्हा करतो. तुमच्या कुत्र्याला रोज दोनदा हा धडा मिळतोय, आणि तो देणारे तुम्हीच आहात.

याहून वाईट म्हणजे अधूनमधून मिळणारं बक्षीस. सोमवारी तुम्ही ठाम राहता, मंगळवारी ऑफिसला उशीर होतो म्हणून ओढू देता. दर वेळी फळ देणाऱ्या सवयीपेक्षा कधीकधीच फळ देणारी सवय मोडायला जास्त चिवट असते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनंतर प्राणी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘मी रोज थांबवते तरी तो ओढतोच’ असं म्हणणारे बहुतेक जण खरं तर रोज थांबवत नसतात. मीही नव्हते.

आणि काही जाती तर ओढण्यासाठीच जोपासल्या गेल्या. हस्की आणि मॅलाम्यूट बर्फावरच्या घसरगाड्या ओढायचे, बर्नीज माउंटन डॉग दुधाच्या गाड्या ओढायचे, रॉटवायलरांना खाटीक आपल्या गाड्यांना जुंपायचे. छातीवर ताण आला की पुढे रेटायचं हे त्यांच्या पिढ्यांचं काम होतं. ती ताकद तुम्ही हरवू शकणार नाही, आणि हरवायची गरजही नाही. ओढण्यानं काही मिळत नाही आणि ढिल्या लीशनं सगळं मिळतं, एवढं त्याला पटलं की ३८ किलो असोत की ६०, फरक पडत नाही.

काटेरी कॉलर ओढणं थांबवतो, हे मी नाकारत नाही. तो थांबवतो कारण दुखतं. पण दुखतं तेव्हा तुमचा कुत्रा कुणाकडे बघत असतो? समोरून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याकडे, सायकलवरच्या मुलाकडे. मानेला टोचण्याचा संबंध तो त्यांच्याशी जोडू शकतो, आणि मग नुसत्या ओढणाऱ्या कुत्र्याचा भुंकून अंगावर जाणारा कुत्रा होतो. शिवाय माने-गळ्यात श्वासनलिका आहे, थायरॉइड आहे, डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉलरवर ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला दिसला, छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे हार्नेसवर, तो तसा वाढला नाही. काटे नसलेल्या कॉलरचीही ही गत आहे. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ साली स्पष्टच म्हटलंय की प्रशिक्षण बक्षिसावर आधारलेलंच असावं. तुमची चोक चेनही काढून ठेवा.

त्याऐवजी खांदे मोकळे ठेवणारा, समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हार्नेस घ्या. त्याला दोन कड्या हव्यात, एक छातीवर आणि एक पाठीवर. छातीच्या कडीला लीश लावली की ओढताना कुत्रा सरळ पुढे न जाता तुमच्याकडे वळतो, त्याच्या वजनाचा त्याला पुरता फायदा मिळत नाही. हा इलाज नव्हे, शिकवेपर्यंतचा टेकू आहे. लीश साधी, दोन मीटरच्या आसपासची. बटण दाबून लांब-आखूड होणारी गुंडाळीची लीश अजिबात नको: तिच्यात स्प्रिंगचा ताण कायम असतो आणि थोडं ओढलं की आणखी दोरी मिळते. ओढायला शिकवण्यासाठी याहून चांगलं यंत्र सापडणार नाही.

आता शिकवणं. हात प्लास्टरमध्ये असताना मला लीश धरताच येत नव्हती. भाऊ ढब्बूला फिरवून आणायचा आणि मी घरात बसून चडफडायची. करायला काही नाही म्हणून मी त्याला खोलीतच, लीशशिवाय, माझ्या डाव्या बाजूला चालायला शिकवायला लागले. हातात काही नसल्यामुळे खेचण्याचा प्रश्नच नव्हता, त्याला माझ्याजवळ राहावंसं वाटेल असं काहीतरी करणं भागच होतं. वर्षभराच्या हिसक्यांनी जे झालं नाही त्याची सुरुवात तिथे झाली.

तुम्हीही तिथूनच करा. खोलीत चार पावलं चाला. तो तुमच्या मांडीच्या रेषेत आला की त्याच क्षणी एक ठरलेला छोटा शब्द म्हणा, मी ‘हां’ म्हणायचे, आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. तुकडा कुठे देता याला फार महत्त्व आहे. तो पँटच्या शिवणीजवळ, तुमच्या शरीराला चिकटून द्यायचा. पुढे हात करून दिलात तर कुत्रा पुढेच राहायला शिकेल, कारण खाणं जिथे मिळतं तिथे तो थांबतो. आधी दर पावलाला, मग दोन-तीन पावलांनी, मग कधी पाच तर कधी दोन. पाच मिनिटांत उरका. ते जमलं की हार्नेस आणि लीश लावून खोलीतच, मग जिन्यात किंवा अंगणात, मग दारासमोरच्या कंटाळवाण्या वीस मीटरांत. प्रत्येक नव्या जागी त्याला थोडं विसरल्यासारखं होईल. तो मुद्दाम करत नाहीये, कुत्र्यांना एका जागचा धडा दुसऱ्या जागी आपोआप लागू करता येत नाही.

बाहेर लीश ताणली गेली की काय करायचं? सगळे सांगतात, ‘झाडासारखे उभे राहा.’ बरोबर आहे, पण अर्धंच. मी पंधरा दिवस झाड झाले आणि ढब्बूनं त्यातून भलतंच शिकून घेतलं: ओढा, थांबा, मागे वळून तिच्याकडे या, तुकडा खा, पुन्हा ओढा. ओढणं हीच त्याच्या खाऊची पहिली पायरी झाली. मला ते कळायला लाज वाटेल इतका वेळ लागला. उपाय सोपा आहे. तो मागे आला की लगेच खाऊ द्यायचा नाही, चालायला लागायचं, आणि चार-पाच पावलं लीश ढिली राहिल्यावर द्यायचा. त्याहून बरं म्हणजे लीश ताणली जाण्याआधीच वळायचं. त्याचे कान पुढे झाले, मान ताठ झाली, की आनंदी आवाजात हाक मारून उलट्या दिशेला चालू लागा. ताणल्यावर वळलात तर तो हिसकाच होतो.

खाऊपेक्षा मोठं बक्षीस रस्त्यावरच पडलेलं असतं: वास. बुंधा दिसला की दहा पावलं ढिल्या लीशनं चाला आणि मग ‘जा, हुंग’ म्हणून त्याला स्वतः तिथे न्या. मनसोक्त हुंगू द्या. ज्या बुंध्यासाठी तो ओढायचा, तोच आता न ओढण्याची मजुरी झाला. वाटेत लीश ताणली गेली तर रागवायचं नाही, शांतपणे तीन पावलं मागे यायचं आणि पुन्हा निघायचं. पहिल्या दिवशी आम्हाला एका झाडापर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागली होती. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘काय गं, काही हरवलंय का?’

आता अडचण अशी की शिकेपर्यंत त्याला फिरवायचं तर आहेच, आणि रोज तासभर असा मुंगीच्या पावलांनी व्यायाम होत नाही. त्यावर दोन कड्यांचा उपयोग करा. लीश छातीच्या कडीला असेल तेव्हा नियम चालू, एकही ताण खपवून घ्यायचा नाही, मग भले दहाच मिनिटं चाला. पाठीच्या कडीला लावली की ती सुट्टी, त्यानं थोडं ओढलं तरी चालेल. कडी बदलताना दर वेळी तेच एक ठरलेलं वाक्य बोला. कुत्र्याला हा फरक आपल्याला वाटतो त्याहून लवकर कळतो. मोकळं मैदान असेल तर हार्नेसच्या पाठीला दहा मीटरची लांब दोरी लावून पळू द्या. मात्र लांब दोरी कॉलरला कधीच लावू नका, वेगात शेवटाला पोचला तर मान दुखावेल.

दुसरा कुत्रा दिसल्यावर तो ओढत असेल तर ही शिकवणी तिथे चालत नाही. तिथे अंतर हाच उपाय. ज्या अंतरावर तो कुत्र्याकडे बघूनही तुमच्या हातातला तुकडा खातो, ते त्याचं सध्याचं अंतर. त्याहून जवळ जायचं नाही, रस्ता ओलांडा, मागे वळा, गाडीआड व्हा. खाऊ तोंडाशी धरूनही तो बघत नाही म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आलायत.

आईंबद्दल. तुम्ही शिकवलंत म्हणून तो आईंबरोबर नीट चालेल असं समजू नका. त्याच्या हिशेबी ती वेगळी व्यक्ती, वेगळे नियम. आईंना पुन्हा खोलीतल्या चार पावलांपासून सुरुवात करावी लागेल, फक्त या वेळी काम पटापट होईल. रस्त्यावर पहिले काही दिवस लीश तुमच्या हातात आणि खाऊ आईंच्या हातात असू द्या. आणि तोवर त्यांना एकटीनं नेऊ देऊ नका, या वयात पडणं माझ्या मनगटाएवढ्या स्वस्तात सुटत नाही.

किती दिवस लागतील? ढब्बूला ओळखीच्या रस्त्यावर दीड महिना लागला, गर्दीत सहा महिने, आणि मांजर हा विषय शेवटपर्यंत वादाचाच राहिला. मध्ये एक आठवडा असा येईल की तो आधीपेक्षा जास्त ओढेल. जुनी युक्ती चालेनाशी झाली की ती सोडण्याआधी प्राणी ती अधिक जोरात करून बघतो. नेमका तिथेच लोक काटेरी कॉलर विकत घेतात. तो आठवडा काढा. आणि इतके दिवस नीट चालणारा कुत्रा अचानक ओढू किंवा मागे रेंगाळू लागला तर आधी पशुवैद्याला दाखवा, सांधा किंवा पंजा दुखत असू शकतो.

आज रात्री लीश खुंटीलाच राहू द्या. खोलीत चार पावलं, मांडीशी एक तुकडा, एवढंच करून बघा आणि काय झालं ते इथे कळवा.