वाचकांचे प्रश्न : रस्त्याकडेची बुटकी भिंत

प्रश्न : रस्त्याला लागूनच बेसॉल्टची 12 मीटर उंचीची भिंत आहे. चढाईसाठी खडकात बोल्ट मारलेले आहेत. एवढ्याशा उंचीवर लीड करताना (म्हणजे दोर खालून घेऊन, वाटेतल्या बोल्टांत अडकवत पुढे चढताना) खरंच इतकी काळजी घ्यावी लागते का?

उत्तर : उंच कड्यापेक्षा जास्तच घ्यावी लागते, कारण इथे निम्मा मार्ग चढून होईपर्यंत जमीन पाठ सोडत नाही. आकडे मांडून पाहा. दुसरा बोल्ट 5 मीटरवर आणि तिसरा 7.5 मीटरवर आहे. तुमच्या हार्नेसची (कमरपट्ट्याची) गाठ 6.5 मीटरवर असताना हात लांबवून तुम्ही तिसरा बोल्ट क्लिप करू, म्हणजे त्यात दोर अडकवू पाहता. त्यासाठी 2 मीटर दोर वर ओढावा लागतो : एक मीटर बोल्टपर्यंत आणि एक मीटर तिथून परत गाठीपर्यंत. नेमका त्याच क्षणी हात सुटला, तर दुसऱ्या बोल्टच्या वर 3.5 मीटर दोर मोकळा असतो आणि गाठ 1.5 मीटरवर येते. पाय तिच्याखाली साधारण मीटरभर. त्यात दोर ताणला जाणार आणि बिले देणारा, म्हणजे खाली दोर धरून तुम्हाला सांभाळणारा, थोडा उचलला जाणार, म्हणजे पाय जमिनीला लागलेच.

हाच बोल्ट कमरेशी आल्यावर क्लिप करताना पडलात, तर पडण्याची लांबी तेवढीच, 5 मीटर; पण गाठ 2.5 मीटरवर थांबते. हा एक मीटर पाय वाचवतो. म्हणून पाय पक्के बसत असतील तर दोन होल्ड (हातापायांच्या पकडी) आणखी चढा आणि मग क्लिप करा. कमरेशी चांगला होल्डच नसेल, तर जिथे स्थिर उभं राहता येतं तिथून करा. लटपटत वर जाण्यात अर्थ नाही.

पहिला बोल्ट जमिनीवरूनच लांब काठीने क्लिप करावा. यात कमीपणा मुळीच नाही. बिले देणाऱ्याने तिसरा बोल्ट होईपर्यंत भिंतीजवळ, पहिल्या बोल्टच्या किंचित बाजूला उभं राहावं आणि दोर ढिला सोडू नये. उडी मारून झटका हलका करण्याचं कसब वरच्या बोल्टांसाठी राखून ठेवावं.

प्रश्न : एका बोल्टजवळचा खडक ठोकला की बद्द वाजतो. बोल्ट मात्र नवा, चकचकीत आहे. वापरावा का?

उत्तर : नाही. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्यातून खांब तयार होतात. वरून अखंड दिसणारा खांब मागून सुटलेला असू शकतो. बोल्ट कितीही भक्कम असला तरी तो ज्या तुकड्यात बसवलाय तो तुकडाच निघाला, तर दोघेही खाली येतात. एका हाताचा तळवा खडकावर टेकवून दुसऱ्या मुठीने ठोका. तळव्याला कंप जाणवला किंवा आवाज पोकळ आला, तर त्या होल्डवरही भार देऊ नका. पावसाळ्यानंतर ही तपासणी नव्याने करावी, कारण भेगांत शिरलेलं पाणी आणि मुळं तुकडे ढिले करतात.

हँगर (बोल्टवरची, दोर अडकवायची धातूची पट्टी) गरगर फिरत असेल तर बहुधा नट सैल झालेला असतो. तो पाना लावून, उत्पादकाने दिलेल्या मापाइतकाच आवळायचा. नटाबरोबर बोल्टही फिरू लागला किंवा बाहेर सरकला, तर तो बाद समजावा. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला टफ मऊ असतो. त्यात प्रसरणाने पकड घेणारा बोल्ट भोवतीचा खडक चुरडून सैल होतो. तिथे रसायनाने चिकटवलेले, लांब बोल्ट लागतात.

प्रश्न : वाहनांच्या आवाजात वरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही. दोर ओढून खूण केली तर?

उत्तर : त्यावर विसंबू नका, क्लिप करायला ओढलेला दोर आणि खुणेचा झटका हाताला सारखाच लागतो. अँकरला (मार्गाच्या माथ्यावरच्या पक्क्या बोल्टांना) पोचल्यावर बिलेवरच खाली उतरणार की रॅपल करणार, म्हणजे स्वतःच दोरावरून उतरणार, हे जमिनीवरच ठरवा. वरचा स्वतःला अँकरला अडकवतो, खालच्याला वाटतं आता आपलं काम संपलं, आणि तो बिले सोडतो. मग वरचा निर्धास्तपणे दोरावर भार टाकतो. हा अपघात याच गैरसमजातून होतो. ‘खाली सोडणार’ असं ठरलं असेल, तर वरचा जमिनीवर येईपर्यंत बिले काढायचं नाही.

दोर रस्त्यावर पसरू देऊ नका, ताडपत्रीवर घ्या. खडी दोरात रुतली की आतले धागे कापते. सैल दगड निखळून थेट डांबरावर येत असेल, तर तो मार्ग चढूच नये. रस्त्याकडे लक्ष ठेवायला तिसरा माणूस असला तरी पडणारा दगड त्याला थांबवता येत नाही.

प्रश्न : 30 मीटरचा दोर पुरेल?

उत्तर : 12 मीटरसाठी वर-खाली 24, शिवाय गाठ आणि बिले देणाऱ्यापर्यंतचं अंतर. पुरेल. तरी दुसऱ्या टोकाला गाठ मारायचीच. खराब टोक कापून काढलं असेल, तर दोर पुन्हा मोजा. मधली खूण आता मध्यावर राहिलेली नसते.