हनुवटीवरचे केस आणि साखर

प्रश्न : माझं वय ५८. पाळी जाऊन सात वर्षं झाली, चार वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दोनेक वर्षांत हनुवटीवर आणि ओठावर जाड काळे केस येऊ लागलेत. रोज सकाळी खिडकीशी आरसा धरून चिमट्याने उपटते. परवा नातीने गालाला गाल लावला आणि म्हणाली, “आजी, टोचतंय.” साखरेच्या डॉक्टरांना हे सांगावं का? की हसतील?

उत्तर : सांगाच, ताई. तपासणीच्या दिवशी सगळ्याच बायका चिमटा फिरवून, चेहरा लख्ख करून येतात आणि आम्हाला काही दिसतच नाही. उपटण्याआधीचा फोटो मोबाइलवर काढून न्या.

साखर आणि केस यांचं नातं जुनंच आहे. १९२१ साली आशार आणि तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी दोन्ही एकत्र येणाऱ्या आजाराला ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ म्हटलं. (नाव ठेवताना बाईला काय वाटेल, हा विचार तेव्हा कुणी केलेला दिसत नाही.) पूर्ण स्वरूपात तो दुर्मीळच. होतं असं, की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. हे जादा इन्सुलिन बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे चेहऱ्यावर केस आणणारं पुरुषी हार्मोन, बनवायला लावतं. शिवाय त्या हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. पाळी गेली तरी बीजकोश हे काम पूर्ण थांबवत नाहीत.

मला खरी काळजी असते ती वेगाची. तुमचे केस दोन वर्षांत हळूहळू वाढले असतील, तर घाबरू नका. पण काही महिन्यांतच भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले, तर बीजकोशात किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीत गाठ नाही ना, हे लगेच बघायला हवं. खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नसेल आणि जरा लागलं तरी काळंनिळं होत असेल, तर कॉर्टिसॉल या अधिवृक्क ग्रंथीच्या हार्मोनचीही तपासणी लागते. एरवी सुरुवात टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस (अधिवृक्क ग्रंथीचं पुरुषी हार्मोन) यांच्या रक्ततपासणीने आणि सोनोग्राफीने होते.

तपासणीनंतर औषध सुरू झालं, तरी त्याचा केसांवरचा परिणाम दिसायला सहा महिने तरी जातात. तोवर रेझर वापरा. त्याने केस जाड होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून खरखरीत लागतं, एवढंच. उपटल्याने मात्र केस आत वळतात, पुटकुळ्या येतात, आणि साखर वाढलेली असेल तर त्या पिकतात.