जुन्या शिडाच्या बोटीच्या तारा वरून चांगल्या दिसत असतील तरी बदलाव्या का?

बदला. सगळ्या बदला, आणि तारांना हात लावण्याआधी चेनप्लेटा, म्हणजे तारांची खालची टोकं बोटीला जिथे अडकतात त्या धातूच्या पट्ट्या, बाहेर काढून बघा.

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीकडे २४ फुटी फायबरची जुनी शिडाची बोट घेतली आहे, डोलकाठीच्या स्टेनलेसच्या तारा चकचकीत आहेत, फक्त एका तारेच्या खालच्या टोकाशी तांबूस डाग आहे. तर तेवढी एकच बदलली तर चालेल का, आणि ४ एमएमच्या जागी ५ एमएम घातली तर जास्त टिकेल का. यातलं ‘तेवढी एकच’ वाचलं आणि राहवलं नाही. हे दोन शब्द मी माझ्या चुलत भावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

आमची बोट सामाईक आहे, दाभोळच्या खाडीत असते. दादा माझ्याहून मोठा आणि समुद्र त्याला माझ्याहून जास्त कळतो, यात वादच नाही. पहाटे मतलईवर खाडीबाहेर पडायचं आणि दुपारी खारा वारा भरला की त्याच्यावर आत यायचं, हे मला त्यानेच शिकवलं. पण दादाची नजर दोरावर तयार झालेली. आमच्या आजोबांच्या मचव्यावर सगळे काथ्याचे दोर होते. काथ्या कुजायला लागला की पिंजारतो, काळा पडतो, हाताला मऊ लागतो. माणूस बघून ओळखतो आणि बदलतो. स्टेनलेसची तार तसं काही करत नाही. ती शेवटपर्यंत चमकते आणि एका दिवशी तुटते. मी लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं आहे. बाहेरून आरशासारख्या दिसणाऱ्या स्टेनलेसच्या पायपा क्लोराइडने चिरलेल्या मी स्वतः कापून बाजूला काढल्या आहेत. त्यामुळे ‘स्टेनलेस आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य माझ्यापुढे कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या एका अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरामुळे. तो थर ओरखडला तर पुन्हा तयार होतो, पण त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. जिथे खारं पाणी साचतं आणि हवा पोचत नाही, तिथे थर भरून येत नाही आणि धातू आतून खाल्ला जायला लागतो. बोटीवर अशा जागा कोणत्या? तारेच्या खालच्या स्वेज टर्मिनलचं (टोकावर यंत्राने दाबून बसवलेल्या जोडाचं) नळकांडं, कारण तारेवरून ओघळलेलं पाणी तिथेच उतरतं. टर्नबकलवर (तार ताणायच्या फिरकीच्या स्क्रूवर) हौसेने गुंडाळलेली टेप. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डेकच्या जाडीतून आत गेलेली चेनप्लेट, जिच्याभोवती जुनं सीलंट सुटलेलं असतं. तार मधेच तुटल्याचं क्वचित ऐकाल. जातं ते टोक नाहीतर चेनप्लेट.

दादाचं म्हणणं असं की आपल्याकडे पाऊस एवढा पडतो, मीठ राहील कशाला? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं, आणि तारेची बाहेरची बाजू धुतली जाते हेही खरं. पण टर्मिनलच्या आत मुरलेलं मीठ त्याने निघत नाही, फक्त चार महिने ओलं राहतं. त्यात पावसाळ्यासाठी बोट शाकारताना डोलकाठी उभीच ठेवली आणि तारा सैल सोडल्या, तर जून-जुलैच्या वाऱ्यात डोलकाठी सारखी थरथरते आणि टोकांना तेवढे झटके बसतात. म्हणजे बोट न वापरताही तारा झिजतात. त्यांची वर्षं मोजताना बोट किती फिरली हे बघू नका, तारा वर चढवून किती वर्षं झाली ते बघा. थंड पाण्यातले लोक दहा ते पंधरा वर्षं धरतात. आपल्या उकाड्यात आणि खाऱ्या हवेत मी दहाच्या पुढे जाणार नाही. आणि जुन्या मालकाला वर्ष आठवत नसेल, तर तारा जुन्या आहेत असंच समजायचं.

दादाचा दुसरा मुद्दा असा की आपण काय दक्षिण महासागरात जातोय का. २०१८ साली एकट्याने जगाला फेरी मारण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमींची डोलकाठी गेली आणि पाठीला जबर दुखापत झाली, तेव्हा तो मला म्हणाला होता, ‘बघ, डोलकाठी जायला असलं वादळ लागतं.’ त्यांची बोट वादळात उलटली होती, ती गोष्ट वेगळी. कुजलेल्या चेनप्लेटीला वादळ लागत नाही. एप्रिलमधल्या दुपारचा नेहमीचा वायव्येचा वारा आणि खाडीच्या तोंडावरची एक आखूड उभी लाट पुरते.

आता मूळ प्रसंग. मे महिना संपत आला होता, बोट वर ओढली होती. मी दादाला म्हटलं, या वर्षी डोलकाठी आडवी घालू आणि सगळं तपासू. तो म्हणाला, डाव्या बाजूच्या तारेला डाग आहे, तेवढी एकच बदल. मी ऐकलं नाही. कारखान्यातल्या वेल्डरकडून डीपी टेस्टचे, म्हणजे धातूतली चीर रंगाने शोधायचे, तीन स्प्रे आणले होते. लोट्याला, चिपळूणला कोणत्याही बऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे हे मिळतात, महागही नसतात. पहिल्या स्प्रेने धातू स्वच्छ करायचा, दुसऱ्याने लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, तो नीट पुसून काढायचा, आणि मग तिसरी पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. डाग असलेल्या टर्मिनलवर लाल रेघ उमटलीच, अगदी नळकांड्याच्या लांबीतून. पण समोरच्या बाजूच्या, ज्याला दादा ‘नवीकोरी’ म्हणत होता, त्या टर्मिनलवरही उमटली. दादा म्हणाला ओरखडा आहे. मी पुसून पुन्हा केली, पुन्हा तिथेच रेघ.

मग चेनप्लेटा. डेकच्या वर दिसणारा भाग पॉलिश केल्यासारखा होता. आतले बोल्ट सोडून उजवीकडची प्लेट वर खेचली. डेकच्या जाडीत बसलेला जेमतेम बोटभर भाग तपकिरी, खड्डे पडलेला, आणि बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी बारीक चीर. ती मी व्हाइसमध्ये धरली आणि हातोडीने ठोकली. दोन ठोक्यांत तुकडा खाली पडला.

इथून पुढे आमच्या घरात आजतागायत चाललेला वाद सुरू होतो. दादाचं म्हणणं, ‘तू हातोडीने तोडलीस, नाहीतर चांगली चालली असती.’ लग्नात, गणपतीत, चार लोक बसले की तो हे सांगतो. म्हणून इथे सविस्तर लिहितो, कारण तुमच्याही घरात असा कोणीतरी असेल. तुटलेला काप उजेडात धरून बघायचा. त्या तुकड्याच्या कापाचा बहुतेक भाग काळपट-तपकिरी होता आणि एका कडेला फक्त अरुंदशी पट्टी चांदीसारखी चमकत होती. ताज्या तुटलेल्या धातूचा काप चमकतो. काळा पडलेला भाग फार पूर्वीच फाटलेला असतो, त्यात पाणी जाऊन तो काळवंडलेला असतो. हातोडीने तोडली ती तेवढी चमकदार पट्टी. बाकीची आमची चेनप्लेट त्याआधीच गेली होती, आणि त्या पट्टीच्या भरवशावर आम्ही दोघं, दादाचा मुलगा बरोबर, जयगडपर्यंत जाऊन आलो होतो. मुलगा बोटीत होता, हे मी दादाला दर वेळी सांगतो. तो विषय बदलतो.

तुम्ही तपासाल तेव्हा खालून वर जा. चेनप्लेटा, खालची टर्मिनलं, टर्नबकल, क्लेविस पिना (टोकं चेनप्लेटीला जोडणाऱ्या पिना), मग डोलकाठीच्या पायाशी आणि वरती. तारेवरून जुनं सुती फडकं फिरवा. तुटलेला एखादा धागा असेल तर फडकं अडकतं. हात मात्र फिरवू नका, ते टोक तळव्यात घुसतं. एक धागा तुटला असेल तरी ती तार बाद. टर्मिनल किंचित वाकडं असेल, तेही बाद. पिनेवर नखाला लागेल एवढी खाच असेल तर पिन बदला. स्प्लिट पिना (मोठी पिन निसटू नये म्हणून घालून दुमडतात त्या) जुन्या कधीच परत घालू नका, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीला स्टेनलेसचे स्क्रू जिथे बसले आहेत तिथे पांढरी पूड आणि फुगलेला रंग दिसेल. तिथे ॲल्युमिनियम खाल्लं जात असतं, खरवडून बघा. स्प्रेडरच्या (तारा बाहेर ताणून धरणाऱ्या डोलकाठीवरच्या आडव्या काठीच्या) टोकावर टेप किंवा रबर असेल तर ते काढा. तार तिथेच ओली राहते.

चेनप्लेट नवी करून घेताना ३१६ जातीचं स्टेनलेस मागा आणि मालाचं मिल सर्टिफिकेट (धातूत काय काय आहे याचा कारखान्याचा दाखला) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्हाला एका वर्कशॉपवाल्याने साध्या ३०४ जातीची पट्टी ३१६ म्हणून देऊ केली होती. ‘चुंबक लावून बघा, चिकटत नाही’ असं वर ठामपणे सांगितलं. चुंबक ३०४लाही नीट चिकटत नाही. दोघांतला फरक मॉलिब्डेनमचा आहे, ३१६मध्ये ते दोन-तीन टक्के असतं आणि खाऱ्या पाण्यात टिकाव लागतो तो त्यामुळे. मॉलिब्डेनम ओळखायचे थेंब मिळतात, मोठ्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे तपासणीचं यंत्रही असतं. पट्टीच्या कडा आणि भोकं घासून गुळगुळीत करून घ्या, चीर तिथूनच सुरू होते.

तारही नीट मागा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती बहुतेक ७×१९ची (सात लडी, प्रत्येकीत एकोणीस बारीक धागे), कप्पीवरून वळावी म्हणून केलेली मऊ तार. ती ताणाखाली लांबते, डोलकाठी धरायला घालू नका. आपल्याला १×१९ लागते, एकोणीस जाड धाग्यांची ताठ तार. आणि तिला यू क्लॅम्प लावून फास करून देतो असं कोणी म्हणालं तर उठून या. ती तशी वळवायची नसतेच. टोकं एकतर योग्य मशीनवर स्वेज करून घ्या, नाहीतर आत शंकू असलेली हाताने बसवायची मेकॅनिकल टर्मिनलं मागवा. ती महाग पडतात, पण उघडून तपासता येतात आणि पुढच्या वेळी फक्त शंकू बदलून पुन्हा वापरता येतात. आम्ही खालच्या टोकांना तीच घातली.

तुमच्या ४ की ५ एमएमबद्दल. होती तीच जाडी ठेवा. तार जाड केली म्हणजे टर्मिनल, टर्नबकल, पिना, चेनप्लेट सगळंच मोठं करावं लागतं, वरचं वजन वाढतं, आणि जाड तार नीट ताणायला जोर जास्त लागतो तो सगळा डोलकाठीच्या पायावर आणि डेकवर येतो. व्हर्नियरने मोजा मात्र. परदेशी जुनी बोट असेल तर तार इंचाच्या मापातली असू शकते. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ एमएम. तिला ५ एमएमचं टर्मिनल चालणार नाही. लांबी पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत घ्या, टर्नबकल अर्धं उघडलेलं धरून. जुन्या तारा फेकू नका, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून नमुना म्हणून द्या.

नवी तार सुरुवातीला थोडी बसते, म्हणून काही वेळा बाहेर जाऊन आल्यावर पुन्हा ताणायला लागते. चांगल्या वाऱ्यात बोट कलली की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची तार थोडी ढिली पडावी, पण लोंबू नये.

डोलकाठी लाकडी असेल तर यातलं बरंच बदलतं, तेव्हा मी म्हणालो म्हणून आंधळेपणाने करू नका. तुमची चेनप्लेट फायबरमध्ये पुरलेली असेल तर ती बाहेर काढणं हे घरचं काम नाही. आणि मी सर्व्हेयर नाही, विमा काढायचा असेल तर त्याचाच कागद लागेल. खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण डोलकाठी उतरवायला हायड्रा क्रेन बोलावू नका. २४ फुटीची डोलकाठी जेट्टीवरचे चार-पाच खारवी दोराने सहज उतरवतात, फक्त एकाचंच ऐकायचं हे आधी ठरवून घ्या.

फोरस्टेवर (डोलकाठी पुढून धरणाऱ्या तारेवर) फर्लर, म्हणजे पुढचं शीड गुंडाळायचं यंत्र, आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर ती तार नळीच्या आत असते आणि डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून लोक तीच सोडून देतात. आमच्या बोटीवर अजून ती जुनीच आहे. दादा म्हणतो, बाकी सगळं नवं झालंय, आता ती एकच राहिली तर काय बिघडतंय. या मे महिन्यात मी फर्लर उतरवतोय. डीपीचे स्प्रे आणून ठेवले आहेत, आणि या वेळी लाल रेघ उमटली तर हातोडी दादाच्याच हातात देणार आहे.