१९८० साली त्वचा बदलली नव्हती

चि. हिस अनेक आशीर्वाद,

तुझा प्रबंधाचा आराखडा रात्री वाचून काढला. शीर्षकातच निकाल देऊन मोकळी झालीस की गं! ‘ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू अधिक.’ यातला ‘मुळे’ आधी खोड.

धागा खोटा नाही. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला काळेपणा देणारं रंगद्रव्य, जास्त असलं की त्याच उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व कमी तयार होतं. त्यात बॉस्टनसारख्या गावी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात बसूनही कुणाच्याच त्वचेला ते जमत नाही. अमेरिकेच्या २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत रक्तातलं ड दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असलेले प्रौढ एकूण ४२ टक्के निघाले, कृष्णवर्णीयांत ८२. पण गंमत बघ, याच कृष्णवर्णीयांची हाडं गोऱ्यांपेक्षा भक्कम असतात आणि कमी मोडतात. मग ती २०ची रेघ त्यांच्यासाठी कितपत खरी? तुझ्या आराखड्यात हा प्रश्नच नाही.

बॉस्टन विद्यापीठाचा ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी तू उद्धृत केलास, ते चांगलं केलंस. १९९५ पासून सुमारे ५९ हजार स्त्रिया त्यात आहेत आणि २०१६ च्या निबंधात सर्वांत कमी पातळीच्या गटाला कर्करोगाचा धोका २३ टक्के जास्त दिसला. मात्र ती पातळी ‘अंदाजित’ होती. थोड्याजणींचं रक्त तपासून बाकीच्यांची पातळी प्रश्नावलीतल्या उत्तरांवरून बांधली होती. वजन वाढलं की रक्तातलं ड घटतं आणि पाळी गेल्यावर वाढलेलं वजन कर्करोगाचाही धोका वाढवतं. हा गुंता सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहणाऱ्या अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ जण होते, त्यांत पाच हजारांवर कृष्णवर्णीय. रोज २००० युनिट देऊनही स्तनाचा कर्करोग कमी झाला नाही. कृष्णवर्णीयांत एकूण कर्करोग थोडा कमी दिसला खरा, पण तो फरक योगायोगाच्या मर्यादेतच होता. तो आकडा जपून वापर.

आता मुख्य मुद्दा. कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. १९८० च्या आधी दोघींचे मृत्युदर जवळपास सारखे होते. मग मॅमोग्राफी (स्तनाची एक्स-रे तपासणी) आली, टॅमॉक्सिफेन हे हार्मोन रोखणारं औषध आलं, गोऱ्या स्त्रियांचे मृत्यू झपाट्याने घटले आणि या मागे राहिल्या. त्या काळात कुणाच्या त्वचेचा रंग बदलला नव्हता.

ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनवरची औषधं लागू न पडणाऱ्या गाठी त्यांच्यात दुपटीने आढळतात, हे तू म्हणशील. बरोबर. पण घानातल्या स्त्रियांत त्या भरपूर आणि इथिओपियातल्या स्त्रियांत बऱ्याच कमी सापडतात, म्हणजे ‘आफ्रिकी वंश’ ही एकच पेटी नव्हे. शिवाय हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींमध्येही, जिथे औषध हाताशी आहे, मृत्यूंची दरी आहेच.

मीही तुझ्या वयात असाच ‘मुळे’ लिहिला होता. एका चर्चमध्ये तक्ते दाखवत होतो. मागच्या बाकावरच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, “गाठ हाताला लागल्यापासून बायॉप्सीपर्यंत माझे अकरा आठवडे गेले. त्याचा रकाना कुठाय?” नव्हताच. मला घाम फुटला होता, तो अजून आठवतो.

तेव्हा रक्ताचे नमुने गोळा करशीलच, कर. सोबत कोणत्या महिन्यात काढले तेही लिही. आणि लक्षण जाणवल्याची, बायॉप्सीची व पहिल्या उपचाराची अशा तीन तारखा हव्यात. रुग्णालयाच्या नोंदींत सापडल्या नाहीत तर विम्याच्या बिलांत शोध. नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव, शीर्षक मागाहून बघू.

तुझा,
सर